डॉट हलत नाहीये

मी एचआरमध्ये आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की ही बाई ऑफिसच्या बाजूने बोलतेय की विरोधात, कारण दोन्ही होणार आहे. माझ्या कामाचा एक भाग असा की कुणी राजीनामा दिला की शेवटच्या आठवड्यात त्याच्याशी बसून बोलायचं, ज्याला एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात, आणि मग सिस्टिममध्ये सोडण्याचं कारण टाकायचं. कारण म्हणजे ड्रॉपडाउन. बाण दाबला की सात पर्याय खाली लोंबतात: जास्त पगार, चांगली संधी, पुढचं शिक्षण, तब्येत, मॅनेजरशी न पटणं (याला सिस्टिममध्ये फार सभ्य नाव आहे), वैयक्तिक कारण आणि इतर. इतर निवडलं की खाली एक बॉक्स उघडतो आणि त्यात किमान ५० अक्षरं टाइप केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, म्हणून इतर कुणी निवडत नाही. म्हणजे मी निवडत नाही.

तर एकदा एक मुलगा समोर बसला होता, मुलगा म्हणजे तिशीचा बाप्या, पण एचआरमध्ये राहून सगळे मुलंच वाटायला लागतात. तीन वर्षं होता आमच्याकडे, कामात चोख, कुणाशी वाकडं नाही. का जातोयस विचारलं तर म्हणाला, "काही नाही हो मॅडम, लांब पडतं." नवीन ठिकाणी पगार जास्त आहे का? नाही, थोडा कमीच. काम? साधारण हेच. मग? "तिथून सातला घरी पोचेन." एवढं बोलून तो गप्प बसला आणि आयकार्डाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला, जणू काही लाजिरवाणं बोलून गेला. मी बाण दाबला, वरून खाली खालून वर केलं, आणि "वैयक्तिक कारण" टाकलं. दोन सेकंदांचं काम.

त्या संध्याकाळी ट्रेनमध्ये दांडीला धरून उभी असताना मात्र ते दोन सेकंद घशात अडकले. रोजचे दीड तास जाणं आणि दीड तास येणं, हे त्याचं वैयक्तिक कसं? तो काय हौसेने फिरायला जात होता का? येत तर आमच्याकडेच होता!

दुसऱ्या दिवशी बॉसला म्हटलं की यादीत प्रवास हा एक पर्याय टाकूया. तो वाईट माणूस नाही, उलट बराच बरा आहे, पण म्हणाला, "अगं, घर कुठे घ्यायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात कंपनी काय करणार? उद्या म्हणशील सासू भांडते हाही पर्याय टाका." सगळे हसले, मीही हसले. पण डोक्यातून जाईना, म्हणून मग मी वाचायला लागले. सवय आहे मला ती, एखादी गोष्ट बोचली की तिच्यावर कुणी अभ्यास केलाय का बघायचं, म्हणजे निदान आपण एकटे खुळे नाही एवढं तरी कळतं.

आणि वाचताना पहिली गंमत कळली ती अशी की बॉस जे बोलला तो त्याचा एकट्याचा विचार नाहीये, अर्थशास्त्रात बरीच वर्षं जवळपास तसंच मानलं जायचं. हिशोब सरळ आहे. माणूस शहाणा असतो, लांब राहतो कारण लांब घर स्वस्त पडतं किंवा मोठं मिळतं, किंवा लांबच्या नोकरीत पगार चांगला असतो, तेव्हा प्रवासात जे जातं ते दुसरीकडून भरून निघतं, फिटंफाट. २००८ साली अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या दोन स्विस अर्थतज्ज्ञांनी हे खरंच होतं का ते तपासलं. जर्मनीत त्याच त्या घरांना दरवर्षी प्रश्न विचारत जाणारी एक मोठी पाहणी आहे, तिचा डेटा घेतला. हिशोब बरोबर असता तर लांबून येणारा आणि जवळून येणारा दोघं आपापल्या आयुष्यावर सारखेच खूश दिसायला हवे होते. तसं दिसलं नाही. प्रवास जेवढा लांब तेवढं समाधान कमी, म्हणजे भरून काही निघत नव्हतं. त्यांनी याला कम्युटिंग पॅराडॉक्स, म्हणजे रोजच्या ये-जाचा विरोधाभास, असं नाव दिलं. आपण त्याला काय म्हणू? घर घेताना आपण हॉल केवढा आणि किचन केवढं हे टेप लावून मोजतो, पण रोजचा प्रवास मात्र "होते सवय" म्हणून सोडून देतो. हॉलची सवय होते. प्रवासाची होतच नाही, कारण तो रोज वेगळ्या प्रकारे बिघडतो.

कम्युटर हा शब्दही मोठा मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या रोज ये-जा करणाऱ्यांना एकरकमी स्वस्तात तिकीट द्यायच्या, त्याला कम्युटेशन तिकीट म्हणायचे, कम्युट करणं म्हणजे तिथे बदलून कमी करणं. त्यावरून तो तिकीटवाला झाला कम्युटर. आपल्या भाषेत सांगायचं तर पासवाला. आणि फाशीची जन्मठेप करतात तेव्हाही इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात. हे कळल्यापासून पास काढताना दर वेळी मला आपली शिक्षा कमी करून मिळतेय असं वाटतं. असो.

हा वेळ नक्की कोणाचा, यावर कोर्टात भांडणं झालीयेत, आणि ती भांडणं मला सगळ्या रिसर्चपेक्षा जास्त स्पष्ट वाटतात. १९४४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे लोखंडाच्या खाणीतल्या कामगारांचा प्रश्न आला: खाणीच्या तोंडापासून आत जिथे खोदायचं तिथपर्यंत अंधारात जायला जो वेळ लागतो तो कामाचा धरायचा की नाही? कोर्ट म्हणालं धरायचा. १९४६ साली मातीची भांडी बनवणाऱ्या कारखान्यातल्या लोकांनी विचारलं, गेटपासून आमच्या जागेपर्यंत चालत जातो त्याचं काय? कोर्ट म्हणालं तेही धरा. मग दाव्यांचा पूर आला, कारखानदार घाबरले, आणि १९४७ मध्ये तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायदाच करून टाकला की मुख्य काम सुरू होण्याआधीचं आणि संपल्यानंतरचं जाणं-येणं पगारात धरायला मालक बांधील नाही. विषय संपला. नंतर २०१५ साली युरोपच्या कोर्टात वेगळंच प्रकरण आलं. स्पेनमधल्या एका कंपनीने आपली गावोगावची ऑफिसं बंद केली, मग तिचे टेक्निशियन घरून थेट ग्राहकाकडे जायला लागले, आणि कंपनी म्हणाली की घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचा वेळ म्हणजे तुमचा आराम. कोर्ट म्हणालं, आराम? ऑफिस तुम्ही बंद केलंत, त्यांनी नाही, हा कामाचाच वेळ. पण हे ज्यांना ठरलेलं ऑफिसच नाही त्यांच्यापुरतं. तुमच्या-माझ्यासारख्या ठरलेल्या खुर्चीवर जाऊन बसणाऱ्यांचं तेच, घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत आपण कुणाचेच नाही.

आणि जे कुणाचंच नाही ते कुणी मोजतही नाही. संस्थांचा, कंपन्यांचा, मॅनेजमेंटचा अभ्यास करणारी जी विद्या आहे तिने फार वर्षं हेच केलं, माणूस ऑफिसच्या दारातून आत आला की त्याचा अभ्यास सुरू, बाहेर पडला की संपला. घराचा अभ्यास करणारे वेगळे. मधला रस्ता वाहतूकवाल्यांकडे, आणि त्यांना माणूस म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलणारा ठिपका. (हा ठिपका लक्षात ठेवा.)

तरी काही जणांनी या मधल्या माणसाकडे पाहिलं, आणि पाहिलं ते बहुतेक त्याला त्रास किती होतो या अंगाने. त्यात मला सगळ्यात आवडतो तो उल्फ लुंडबर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाचा १९७६ सालचा अभ्यास. स्टॉकहोमला कामावर येणाऱ्या ट्रेनमधल्या लोकांच्या लघवीचे नमुने घेऊन त्यातलं ॲड्रेनलिन, जे ताण आला की अंगात वाढतं, ते तपासलं. आता आपल्याला वाटेल की जो पहिल्या स्टेशनवर चढतो तो जास्त वेळ प्रवास करतो म्हणजे त्याला ताण जास्त. उलटं निघालं! पहिल्या स्टेशनवर चढणाऱ्यांना ताण कमी, आणि अर्ध्या रस्त्यात चढणाऱ्यांना, ज्यांचा प्रवास मुळात थोडका, त्यांना जास्त. कारण? पहिल्या स्टेशनवर गाडी रिकामी असते. कुठे बसायचं ते तुम्ही ठरवता, बॅग कुठे ठेवायची, कुणाशेजारी बसायचं, खिडकी हवी की नको. अर्ध्यात चढणाऱ्याला जे उरलंय ते घ्यावं लागतं.

मी हे वाचलं तेव्हा मला माझ्याच डब्यातली एक बाई आठवली, ती रोज उलट्या दिशेने दोन स्टेशनं मागे जाते आणि तिथून गाडी पकडते. रोजची वीस मिनिटं जास्त. आम्ही सगळ्या तिला वेडी म्हणायचो. तिला लुंडबर्ग माहीत असण्याचं कारण नाही, पण ती गणित बरोबर करत होती, वीस मिनिटं देऊन ती निवड विकत घेत होती.

पुढे अमेरिकेत गॅरी एव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी न्यू जर्सीहून मॅनहॅटनला जाणाऱ्या ट्रेनच्या प्रवाशांवर वर्षानुवर्षं असंच काम केलं. लाळेतलं कॉर्टिसोल (हेही ताणाने वाढतं) मोजायचे, आणि वर एक प्रूफरीडिंगचं काम द्यायचे, माणूस चिकाटीने ते करतो की मध्येच कंटाळून सोडतो ते बघायला. प्रवास जितका लांब तितका ताण जास्त, ठीक आहे, हे कुणीही सांगेल. पण गर्दीबद्दल त्यांना जे सापडलं ते बघा: डब्यात एकूण माणसं किती याने तितका फरक पडत नाही, तुमच्या बाकावर, तुमच्या अगदी अंगाला लागून किती याने पडतो. म्हणजे मधली सीट. तीन जणांच्या बाकावर मध्ये बसलेल्या माणसाचे हात बघा कधी, त्याला ते कुठे ठेवायचे ते कळत नाही, फोन धरला तरी छातीशी धरतो, कोपरं आत, खांदे वर, सगळा माणूस घडी घालून ठेवल्यासारखा. आणि याच घडी घातलेल्या माणसाला पुढच्या अर्ध्या तासात मीटिंगमध्ये "मोकळेपणाने मतं मांडा" असं सांगणारी मी.

आणखी एक म्हणजे, गाडी केव्हा येईल याचा भरवसा नसेल तर ताण वाढतो. आणि मध्ये गाडी बदलावी लागणं. मॅनहॅटनला थेट गाडी सुरू झाली, बदलायची कटकट गेली, तेव्हा तिच्याकडे वळलेल्या लोकांचा ताण खरोखर कमी झालेला या लोकांनी दाखवला. रस्त्यावरच्या ट्रॅफिकबद्दल तर रेमंड नोव्हाको आणि डॅनियल स्टोकोल्स यांनी सत्तरच्या दशकातच लिहून ठेवलंय की नुसतं अंतर हा मुद्दा नाही, मुद्दा आहे अडवणूक. कुठेतरी जायचंय आणि काहीतरी आडवं येतंय. मला वाटतं चिडचिडीची याहून चांगली व्याख्या होणार नाही.

२००४ साली डॅनियल काहनेमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना कालचा दिवस तुकड्यातुकड्यात आठवायला लावला, सिनेमाचे सीन असतात तसा, आणि प्रत्येक सीनमध्ये कसं वाटत होतं ते विचारलं. सगळ्यात तळाला काय आलं असेल? सकाळी कामावर जाणं. काम त्याच्या वर, घरकाम त्याच्या वर. बायकांचाच विषय निघालाय तर, २०११ मध्ये ब्रिटनमधल्या डेटावरून जेनिफर रॉबर्ट्स आणि मंडळींनी दाखवलं की प्रवासाचा मनावर होणारा वाईट परिणाम बायकांमध्ये दिसतो, पुरुषांमध्ये नाही, आणि लहान मुलं असलेल्या बायकांमध्ये तर फारच. यात कुणाला आश्चर्य वाटलं असेल तर त्याने घरी जाऊन दार उघडल्या उघडल्या कोण कुठल्या खोलीकडे वळतं ते पाहावं.

इथपर्यंत वाचून माझी केस पक्की झाली होती. प्रवास वाईट, कंपनीने लक्ष घालावं, मुद्दा संपला. बॉससाठी मी स्लाइड पण केली होती, त्यात खास कंपनीला कळेल अशा भाषेतलं टाकलं होतं: जर्मनीतला एक अभ्यास म्हणतो की सगळ्यांचा प्रवास नगण्य झाला तर गैरहजेरी १५ ते २० टक्क्यांनी कमी होईल. अमेरिकेतला एक म्हणतो की संशोधकाचं ऑफिस घरापासून १० किलोमीटर लांब गेलं की त्याची पेटंटं साधारण ५ टक्क्यांनी घटतात. म्हणजे वेळ कंपनीचा नसला तरी नुकसान कंपनीचं आहे.

पण एक स्लाइड मी केली नाही. वॉशिंग्टनमध्ये डेव्हिड फिलिप्स याने खोट्या नावांनी नोकरीचे अर्ज पाठवून पाहिलं होतं, सगळं सारखं, फक्त पत्ता वेगळा. नोकरीच्या जागेपासून ५-६ मैल जास्त लांब राहणाऱ्याला साधारण एक तृतीयांश कमी फोन आले. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला. कारण मी हे करते. रिझ्यूमे उघडला की माझी नजर नावावरून सरळ पत्त्यावर जाते, आणि मनात येतं, हा लांबचा, टिकणार नाही, आणि तो रिझ्यूमे खालच्या गठ्ठ्यात जातो. कुणी विचारलं तर मी सांगेन की मी त्याच्याच भल्याचा विचार केला. जो प्रवास निघताना "वैयक्तिक" असतो तोच घेताना मात्र बरोबर आमच्या हिशोबात असतो.

मग लॉकडाउन आला आणि माझ्या पक्क्या केसचं पुरतं भजं झालं.

घरून काम सुरू झालं. रोजचे जवळजवळ दोन तास वाचले, मला वाटलं स्वर्ग. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मुलगा गृहपित्याची, सॉरी, गृहपाठाची वही घेऊन आला (नवराही घरीच होता, त्यामुळे जीभ घसरते), म्हणाला आई हे जमत नाहीये, आणि मी त्याला म्हटलं, "ओके, मग तुझा पुढचा ॲक्शन पॉइंट काय?" तो नऊ वर्षांचा होता. त्याने माझ्याकडे असं बघितलं की समोर कुणी वेगळंच बसलंय. खरंच वेगळंच बसलं होतं. मी लॅपटॉप मिटवून चार सेकंद झाले होते, माझ्यातली एचआर अजून गाडीत चढलीच नव्हती.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की त्या प्रवासात काहीतरी घडत होतं. आणि परत शोधायला गेले तर हे लिहिणारेही होतेच, फक्त मी त्यांना ओलांडून पुढे गेले होते. क्रिस्टेना निपर्ट-एंग हिने नव्वदच्या दशकात लोक घर आणि काम यांच्यामध्ये रेघ कशी ओढतात यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ती बघते काय तर किल्ल्या! काही लोक घरच्या आणि ऑफिसच्या किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवतात, काही दोन वेगळ्या. कॅलेंडर एक की दोन. २००० साली ब्लेक ॲशफोर्थ आणि आणखी दोघांनी मिळून मांडलं की माणूस दिवसातून अनेकदा एका भूमिकेतून उठून दुसरीत जातो, ही एक छोटी सीमा ओलांडणं असतं, आणि ओलांडायला काहीतरी लागतं, कपडे बदलणं, रस्ता, वेळ. या मधल्या अवस्थेला मानववंशशास्त्रात लिमिनल म्हणतात, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उंबरठा. आता उंबरठ्याचं आपल्याला कुणी काय शिकवायचं, हिरण्यकश्यपूची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, ना आत ना बाहेर, ना दिवस ना रात्र. तिन्हीसांजेला उंबरठ्यावर एक जण संपतो. माझी परतीची गाडीही बरोबर त्याच वेळेची.

आणि सगळ्यात गोड आकडा २००१ सालचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या हजाराहून जास्त नोकरदारांना रेडमंड आणि मोख्तारियन या दोघींनी विचारलं की तुमच्या मते कामावर जायला किती वेळ लागावा. सरासरी उत्तर आलं १६ मिनिटं. शून्य म्हणणारे अगदी मोजके. माणसाला विनासायास थेट टेबलावर पोचवतो म्हटलं तरी तो म्हणतो नको, सोळा मिनिटं राहू दे.

कोविडनंतर मग हा विषय एकदम अंगात आल्यासारखा वर आला. जे गेलं त्याची किंमत कळली म्हणा. २०२१ मध्ये यॉन याखिमोविच आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला, त्यात असं की सकाळी जाताना जे लोक पुढे येणाऱ्या कामाच्या भूमिकेचा विचार करतात, आज काय करायचंय, कसं करायचंय, त्यांना लांब प्रवासाचा फटका कमी बसतो. मॅकअल्पाइन आणि पिसचेक यांनी परतीच्या वाटेबद्दल हेच उंबरठ्याच्या भाषेत लिहिलं, काम अंगावरून उतरायला जागा लागते आणि ती जागा म्हणजे ही वाट. आणि त्याच सुमाराला बॅरेरो, ब्लूम, डेव्हिस वगैरेंनी २७ देशांत मोजलं की घरून काम केलं तर दिवसाला सरासरी ७२ मिनिटं वाचतात. वाचलेल्या वेळाचं लोकांनी काय केलं? त्यातला ४० टक्के वेळ परत कामातच घातला. मुलाबाळांना, म्हाताऱ्यांना ११ टक्के.

४० टक्के! म्हणजे उंबरठा काढून टाकला तर घर मोठं होईल असं वाटलं होतं आणि झालं काय तर ऑफिस आत सरकलं.

पण मला या नव्या रिसर्चचीही थोडी धास्तीच वाटते. कारण "प्रवासाचा काहीतरी उपयोग आहे" हे वाक्य बरोबर चुकीच्या माणसाच्या हातात पडतं, आणि तो माणूस बऱ्याचदा मीच असते. ऑफिसं परत उघडली तेव्हा मला एक मेल ड्राफ्ट करायला सांगितला होता, प्रवासाचा वेळ सार्थकी लावा अशा अर्थाचा, सोबत ट्रेनिंग मॉड्यूलची लिंक, मोबाइलवर चालणारी. मी लिहिला. चांगला लिहिला, उत्साहाने, दोन ठिकाणी उद्गारचिन्ह. पुढच्या महिन्यात रिपोर्ट काढला तर मॉड्यूल पूर्ण केल्याच्या वेळा बघून मला माझ्याच मेलची शरम वाटली, सकाळी ८:१०, रात्री ८:४०, रात्री ९:०५. हे लोक त्या वेळी उभे असणार. एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने "टीमवर्कचे पाच स्तंभ". जो बाकावर मध्ये घडी होऊन बसलाय त्याला भूमिकेचा विचार कर म्हणणं म्हणजे काय? विचार करायला आधी कोपरं सुटी लागतात. याखिमोविचच्या त्या निबंधात स्वतःवर ताबा ठेवू शकणाऱ्या लोकांचा उल्लेख येतो, आणि मला सारखं वाटतं की ताबा कमी की जागा कमी, हे आधी बघायला हवं.

ड्रॉपडाउनचं काय झालं म्हणाल तर, झालं. दोन वर्षं मागे लागले तेव्हा सिस्टिमच्या नव्या व्हर्जनमध्ये पर्याय आला. "वैयक्तिक कारण" वर क्लिक केलं की आता एक उपयादी उघडते, त्यात तिसऱ्या नंबरवर "प्रवासाचे अंतर". वैयक्तिकच्या आत. बॉस म्हणाला, खूश? मी म्हटलं, खूश.

आता त्या ठिपक्याचं. ऑफिसने मध्यंतरी वाहतुकीचा सर्व्हे केला, मीच केला, त्यात एक प्रश्न होता: एका बाजूचा प्रवास किती मिनिटं. मी माझ्या फॉर्ममध्ये ५५ टाकलं. सकाळी ५५ खरंच लागतात. संध्याकाळी लागतात ७०. गाडी तीच, वेग तोच, रस्ता तोच. फरक असा आहे की संध्याकाळी माझ्या स्टेशनवर उतरल्यावर मी जिन्याकडे जात नाही. प्लॅटफॉर्मच्या शेवटच्या टोकाला, जिथे डबे लागत नाहीत, तिथे एक बाकडं आहे, त्याची एक फळी मधून तुटलीये म्हणून त्यावर सहसा कुणी बसत नाही. मी बसते. फोन नाही, गाणी नाहीत, विचारसुद्धा खास काही नाही. समोरच्या रुळांमध्ये खडीत एक झाड उगवलंय, गाडी गेली की वाकतं आणि परत उभं राहतं, ते बघते. आयकार्ड गळ्यातून काढून त्याची दोरी गुंडाळून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवते. दोन गाड्या जाऊ देते. मग उठते.

हे घरी कुणाला माहीत नव्हतं. सांगण्यासारखं काही नाहीच त्यात, आणि सांगितलं तर म्हणतील मग पंधरा मिनिटं लवकर ये ना. पण मुलगा आता मोठा झालाय, त्याने सगळ्यांच्या फोनवर लोकेशन शेअरिंग चालू करून दिलंय, सेफ्टी म्हणून, आणि मी एचआरची बाई, सेफ्टीला नाही कशी म्हणणार. परवा बाकड्यावर बसले होते, पहिली गाडी नुकतीच गेली होती, फोन वाजला.

"आई, गाडी कधीच आली, ॲपवर दिसतंय. तुझा डॉट हलत नाहीये. सगळं ठीक ना?"

मी लिहिलं, "हो. हलेल."

त्याने अंगठा पाठवला. मी फोन बॅगेत टाकला. दुसरी गाडी यायला अजून सहा मिनिटं होती.